डेव्हन ॲव्हेन्यूच्या पाट्या आणि कोरेगावचा स्तंभ

शिकागोच्या उत्तर भागातील डेव्हन ॲव्हेन्यू आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे ते तेथील किराणा दुकानांमुळे. १९७४ साली 'पटेल ब्रदर्स'चे पहिले दुकान याच रस्त्यावर उघडले. ज्वारीचे पीठ, गोडा मसाला, साबुदाणा, सणासुदीची मिठाई यांसाठी इलिनॉयच्याच नव्हे तर शेजारच्या राज्यांतील कुटुंबेही तेव्हापासून येथे येत राहिली. परंतु या रस्त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. शिकागो महानगरात रस्त्याचे अधिकृत नाव सांगणारी पाटी हिरवी असते आणि मानाने दिलेले नाव सांगणारी पाटी तपकिरी असते. डेव्हनवर चालत गेल्यास अशा तपकिरी पाट्या एकामागून एक भेटतात. कोठे महात्मा गांधी, कोठे महंमद अली जीना, कोठे शेख मुजीब, तर कोठे इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर. जी नावे आपापल्या देशांत एकाच चौकात नांदणे कठीण, ती येथे एकाच रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने उभी आहेत. मूळ रस्त्याचे नाव त्यामुळे पुसले गेलेले नाही आणि कोणाचा पत्ताही बदललेला नाही.

यावरून या नगरीत स्मृतीचे वाद नाहीत असा समज कोणी करून घेऊ नये. जुलै २०२० मध्ये याच शिकागोत कोलंबसचे पुतळे निदर्शनांनंतर हलवावे लागले. २०२१ मध्ये सरोवराकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला जाँ बाप्तीस्त प्वाँ द्यू साब्ल या कृष्णवर्णीय आद्य वसाहतकाराचे नाव जोडण्यात आले. ज्याने या नगरीचा पाया घातला, त्याचे नाव नगरीच्या मुख्य रस्त्यावर येण्यास दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. स्मृती कोणाची जपायची आणि कोणाची विसरायची, हा निर्णय सर्वत्र सत्तेच्या हाती असतो. आणि ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, त्यांना आपली स्मृती मागून, भांडून, चळवळ करून मिळवावी लागते. आम्हा आंबेडकरी बौद्धांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि त्याची पूर्तता नामविस्ताराच्या रूपाने १४ जानेवारी १९९४ रोजी झाली. मधल्या जवळजवळ सोळा वर्षांत मराठवाड्यात किती घरे जळाली, किती माणसे गेली, याच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजही आहेत.

म्हणूनच महाराष्ट्रातील जातिनिष्ठ संघटना आणि इतिहासाचे वाद हा विषय आम्हाला दूरचा वाटत नाही. या वादांत आपण कोणाच्या बाजूने आहोत, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: वाद घालण्याची आपली रीत कोणती असावी?

पुण्यातील तीन घटना

शिवछत्रपतींच्या स्मृतीवरचा हक्क हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला आणि त्यांत महाराजांना शूद्र-शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. पुढे १८९० च्या दशकात लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केला, त्यात महाराजांची प्रतिमा निराळी होती. 'कुळवाडीभूषण' की 'गोब्राह्मणप्रतिपालक', हा झगडा तेव्हापासून चालू आहे. १९९० साली स्थापन झालेला मराठा सेवा संघ आणि त्यातून उभी राहिलेली संभाजी ब्रिगेड यांनी याच झगड्याला रस्त्यावर आणले. फुले-शाहू-आंबेडकर ही नावे त्यांच्या व्यासपीठावर होती, त्यामुळे आपल्या समाजातही त्यांच्याविषयी एक आपुलकी निर्माण झाली.

५ जानेवारी २००४ रोजी या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला केला. निमित्त होते जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे. लेन हे मिनेसोटा राज्यातील मॅकॅलेस्टर महाविद्यालयात शिकवीत. त्या पुस्तकातील एका विधानाने महाराष्ट्राच्या भावना दुखावल्या, हे खरे. प्रकाशकांनी ते पुस्तक भारतातून आधीच मागे घेतले होते, हेही खरे. भांडारकर संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते आणि छापलेही नव्हते. लेखकाने संशोधनासाठी तेथील ग्रंथालयाचा आणि विद्वानांचा उपयोग केला होता, एवढाच तिचा संबंध. तरीही १९१७ पासून जमविलेल्या संग्रहातील ग्रंथ, हस्तलिखिते व चित्रे फाडली, फेकली, तुडविली गेली. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पुस्तकावरील बंदी टिकू दिली नाही; परंतु तोवर नुकसान होऊन गेले होते.

दुसरी घटना डिसेंबर २०१० ची. लाल महालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा महानगरपालिकेने ठराव करून रातोरात हलविला. दादोजी हे महाराजांचे गुरू होते की केवळ एक अधिकारी, हा वाद इतिहासाच्या कागदांत सोडविण्याजोगा होता. तो मतदानाने आणि क्रेनने सोडविला गेला. तिसरी घटना ३ जानेवारी २०१७ ची. संभाजी उद्यानातील नाटककार राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. त्यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या नाटकात संभाजी महाराजांची बदनामी झाली, असा आक्षेप होता.

या तिन्ही घटनांमागची वेदना आम्ही खोटी म्हणत नाही. संभाजी महाराजांसारख्या विद्वान आणि शूर राजाला व्यसनी म्हणून रंगविणारे लिखाण पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. बहुजनांच्या इतिहासावर मूठभरांच्या लेखणीची मक्तेदारी राहिली. परंतु वेदना खरी असली म्हणजे तिच्या नावाने केलेली प्रत्येक कृती योग्य ठरते असे नाही. एक पुतळा काढल्याने बहुजनांच्या मुलाला मोडी वाचता येऊ लागत नाही. एक हस्तलिखित फाडल्याने दुसरे, अधिक सत्य हस्तलिखित जन्माला येत नाही.

जाळणे आणि नष्ट करणे

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. 'बाबासाहेबांनीही महाडला मनुस्मृती जाळलीच होती, मग भांडारकरचे दुःख कशाला?' असे विचारणारे आपल्यातही आहेत.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते भर परिषदेत, ठराव मांडून, कारणे सांगून आणि जबाबदारी उघडपणे स्वीकारून. जी प्रत जाळली ती कोणाच्या ग्रंथालयातून हिसकावून आणलेली नव्हती. मनुस्मृतीच्या हजारो छापील प्रती त्या दिवशीही होत्या आणि आजही आहेत. त्या दहनाने जगातील ज्ञानात एका अक्षराचीही घट झाली नाही. एका अन्यायी विधानसंहितेची मान्यता मात्र जाहीरपणे नाकारली गेली. बाबासाहेबांनी त्या ग्रंथातील श्लोकांचा पुढे आपल्या लेखनात बारकाईने उपयोग केला, हे कोणीही वाचून पाहावे. ज्या ग्रंथाला त्यांनी अग्नी दिला, तोच ग्रंथ ते पुरावा म्हणून पुनःपुन्हा उघडीत राहिले. हस्तलिखित ग्रंथालयात घुसून एकमेव प्रत फाडणे हे याच्या नेमके उलट आहे. त्यात प्रतिपक्षाची मान्यता ढळत नाही, आपल्याच नातवंडांचा पुरावा नाहीसा होतो. भारतातून बौद्ध धम्माचे ग्रंथ नाहीसे झाले आणि ते आपल्याला सिंहल, ब्रह्मदेश, तिबेट व चीन यांच्याकडून परत मिळवावे लागले. ग्रंथनाशाची किंमत काय असते, हे बौद्धांहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

ज्यांनी आपल्यावर बंदीचा प्रयोग केला त्यांचाही विसर पडू नये. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. वसंत मून त्याचे संपादक होते. त्यातील 'हिंदू धर्मातील कोडी' या भागातील राम-कृष्णांविषयीचे परिशिष्ट वगळावे म्हणून शिवसेनेने आणि काही मराठा संघटनांनी आंदोलन केले. १९८८ च्या आरंभी मुंबईत दोन्ही बाजूंचे प्रचंड मोर्चे निघाले. अखेर मजकूर राहिला आणि शासन या मताशी सहमत असेलच असे नाही, अशा अर्थाची टीप जोडली गेली. तेव्हा आपण मागितले होते ते इतकेच की पुस्तक जसे आहे तसे छापा आणि लोकांना वाचू द्या. जो हक्क आपण बाबासाहेबांच्या पुस्तकासाठी मागितला, तो हक्क आपल्याला न आवडणाऱ्या पुस्तकालाही द्यावा लागतो. ७ जुलै २०२० रोजी दादरच्या राजगृहाच्या आवारात नासधूस झाली, तेव्हा आपल्याला जो संताप आला, तो पुस्तकांच्या घरावर हात टाकला गेला म्हणूनही होता.

कोरेगावचा स्तंभ काय सांगतो

आता आपल्या स्वतःच्या स्मृतीकडे वळू. ३१ डिसेंबरच्या रात्री अमेरिकेत नववर्षाचे स्वागत चालू असते, तेव्हा भीमा नदीच्या काठी कोरेगावला १ जानेवारीची सकाळ उजाडलेली असते आणि लाखोंचा समुदाय स्तंभाला मानवंदना देत असतो. त्याची छायाचित्रे आपल्या दूरध्वनीवर येतात आणि येथे जन्मलेली आपली मुले विचारतात, तेथे नेमके काय झाले होते?

जे निश्चित आहे ते असे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली सुमारे आठशे सैनिकांची कंपनीची तुकडी शिरूरहून पुण्याकडे येत असता दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या सैन्यापुढे सापडली. दिवसभर गावात घनघोर लढाई झाली. कंपनीचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. गाव मात्र तिने सोडले नाही आणि पेशव्यांचे सैन्य पुढे निघून गेले. पुढे कंपनीने तेथे स्तंभ उभारला. त्यावरील ४९ मृतांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार सैनिकांची आहेत. इतर नावांत मराठे, राजपूत आणि मुसलमानही आहेत. पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी व मराठे लढले.

'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांचा पराभव केला' हे वाक्य आपल्या गीतांत आणि भाषणांत रूढ आहे. मुलांना सांगताना मात्र आम्ही असे सुचवितो की, पेशव्यांच्या एकूण सैन्यापैकी प्रत्यक्ष हल्ल्यात सुमारे दोन हजार होते आणि कंपनीच्या बाजूलाही महारांच्या जोडीने इतर लोक होते, हेही सांगावे. यामुळे त्या बावीस जणांचे तेज कमी होत नाही. अन्नपाण्यावाचून दिवसभर लढत आपल्याहून कितीतरी अधिक शत्रूला रोखून धरणे ही अतिशयोक्तीची गरज नसलेली गोष्ट आहे. उलट अतिशयोक्ती ठेवली की प्रतिपक्षाला एक आकडा खोडून सगळी स्मृतीच खोटी म्हणण्याची सोय होते.

आणि ती स्मृती खोटी नाही. जिने पेशवाईचा अस्त जवळून ऐकला अशा पिढीची साक्ष आपल्यापाशी आहे. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, तेव्हा कोरेगावच्या लढाईस अवघी ३७ वर्षे झाली होती. बाजीरावाच्या अमलात मांग-महारांवर काय गुदरले, हे तिने आपल्या घराण्यांतील आठवणींच्या आधारे सांगितले आहे. तिचा निबंध वाचला म्हणजे पेशवाईच्या पराभवाचा आनंद अस्पृश्यांना का व्हावा, हे कोणत्याही भाषणाशिवाय समजते.

स्तंभाचा पुढचा इतिहास त्याहूनही बोलका आहे. इंग्रजांनी स्तंभ उभारला तो आपल्या विजयासाठी. त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांची नावे दगडावर कोरली, त्यांच्या नातवांना त्यांनी दारातून परत पाठविले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्या केल्या, त्यांत पूर्वजांच्या या पराक्रमाचा दाखला होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला आले आणि २० मार्च १९२७ रोजी ते चवदार तळ्यावर होते. मधे अवघे अडीच महिने गेले. बाबासाहेबांनी स्तंभापुढे इंग्रजांचे आभार मानण्यासाठी लोकांना जमविले नव्हते; १९३० च्या गोलमेज परिषदेत तर इंग्रजांनी अस्पृश्यांसाठी काय केले, असा त्यांचा सडेतोड सवाल होता. स्तंभ त्यांच्या दृष्टीने आत्मविश्वास मिळविण्याचे ठिकाण होते आणि तो आत्मविश्वास खर्ची पडला पाण्याच्या हक्कासाठी. स्मृतीची कसोटी हीच. ती माणसाला पुढच्या सत्याग्रहाकडे नेते की केवळ पुढच्या वर्षीच्या मेळाव्याकडे?

वढू आणि त्यानंतर

कोरेगावपासून जवळच वढू बुद्रुक आहे. मोगलांनी ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचा क्रूर वध केला, त्यानंतर त्यांचे अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी दोन परंपरा आहेत. एक परंपरा गोविंद गोपाळ या महार पुरुषाचे नाव घेते, दुसरी शिवले घराण्याचे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळांच्या समाधीजवळ माहितीचा फलक लागला आणि वाद पेटला. समाधीची विटंबना झाली. ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, मानवंदनेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. एका तरुणाला प्राण गमवावा लागला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. शासनाने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला.

ज्या गावात दोन्ही जातींचे लोक एकाच राजाला आपला मानतात, त्या गावात त्याच राजाच्या अंत्यसंस्कारांवरून दगड उचलले जावेत, यापरते दुःख कोणते? दोन्ही परंपरांचा अभिमान एकच आहे: मोगलांच्या भीतीला न जुमानता राजाच्या देहाची विटंबना थांबविणारा आमचा पूर्वज होता. या दोन अभिमानांत वैर नसायला हवे होते. ते घडविले गेले. कोणाचा कागद खरा, हे संशोधकांना शांतपणे ठरवू द्यावे. तोवर समाधी कोणाचीही असो, तिच्यापुढे मान लवविण्यास हरकत कोणाची असावी?

याच संदर्भात डॉ. आनंद तेलतुंबडे यांचे उदाहरण विसरू नये. कोरेगावच्या स्मृतीतील अतिशयोक्तीवर आणि जातीय अस्मिता पक्की होण्याच्या धोक्यावर त्यांनी २०१८ मध्ये स्पष्टपणे लिहिले. आपल्यातील अनेकांना ते रुचले नाही. पुढे एल्गार परिषदेच्या प्रकरणात त्यांनाच आरोपी करण्यात आले आणि १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, ते तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते जामिनावर बाहेर आले. ज्याने आपल्या मिथकाची चिकित्सा केली, त्यालाच त्या मिथकाच्या नावाने उभ्या राहिलेल्या खटल्यात अडीच वर्षे कारावास भोगावा लागला. त्यांचे प्रत्येक मत स्वीकारण्याची आवश्यकता नाही. परंतु घरातील टीकाकार हा घराचा शत्रू नसतो, एवढे तरी यावरून आपण शिकावे.

बाबासाहेबांची रीत

इतिहासाच्या वादात बाबासाहेब कसे वागले, याचे एक उदाहरण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. १९४६ साली प्रसिद्ध झालेला 'शूद्र कोण होते?' हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला. फुल्यांना ते गुरू मानीत. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी येथील मूळच्या लोकांना जिंकून शूद्र केले, हा फुल्यांच्या मांडणीचा पाया होता. ज्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत फुल्यांचे नाव आहे, त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी हा आर्य आक्रमणाचा सिद्धान्त पुराव्यांच्या आधारे नाकारला. गुरूविषयीचा आदर आणि गुरूच्या मताची चिकित्सा एकाच मुखपृष्ठाच्या आत सुखाने राहिली. दोन वर्षांनी 'अस्पृश्य' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, जेथे कागद बोलत नाहीत तेथे आपण तर्काचा आधार घेतला आहे आणि तो तर्क वाचकाने तपासावा.

ही रीत त्यांना तथागतांकडून मिळाली होती. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून, ऐकिवात आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा बोलणारा आपला गुरू आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले जाते, म्हणजे या आणि पाहा. ज्या धम्माने स्वतःच्या शिकवणीलाही हा नियम लावला, त्याच्या अनुयायांनी आपल्या इतिहासाला तो लावण्यास का भ्यावे?

आपल्यापुढील काम

हे सर्व आपण सातासमुद्रांपलीकडे बसून का बोलावे? कारण हा वाद येथेही पोहोचला आहे. कॅलिफोर्नियाच्या शालेय पुस्तकांतून जातिव्यवस्थेचा आणि दलितांचा उल्लेख सौम्य करावा वा काढावा, असे प्रयत्न २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये झाले. त्यांना उत्तर देण्यासाठी दलित पालकांना आणि विद्यार्थ्यांना सुनावणीत उभे राहावे लागले. २०२३ मध्ये सिॲटल नगरीने जातिभेदास बंदी केली, तर त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशा विधेयकावर स्वाक्षरी नाकारली. आपल्या इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये सार्वजनिक शाळांत आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकविणे आवश्यक केले, आणि असे करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. त्या धड्यात भारतीय म्हणून कोण येईल? केवळ डॉक्टर, अभियंते आणि दिवाळीचे दिवे, की चवदार तळे आणि दीक्षाभूमीही? शिक्षकाने विचारले तर आपल्यापाशी देण्यासारखे काय आहे?

म्हणून आम्ही सर्व धम्मबंधू-भगिनींना एक विनंती करतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी आता नोंदवून घ्याव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात कोण होते, महार रेजिमेंटमध्ये कोण होते, गिरणीत, रेल्वेत, दारूगोळ्याच्या कारखान्यात कोण राबले, नामांतराच्या काळात घर कसे वाचले, गाव सोडताना काय बरोबर घेतले, हे त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि सांगितल्याची तारीख अवश्य लिहावी. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले यांतील फरक वेगळा नोंदवावा. जुनी पत्रे, शाळेचे दाखले, सेवापुस्तिका, परिषदांची हस्तपत्रके यांची छायाचित्रे काढून मूळ कागद कोरड्या जागी ठेवावेत. आपल्याला गैरसोयीची वाटणारी आठवणही गाळू नये. तिच्यावाचून इतर आठवणींवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्याचा पुतळा पाडण्यास एक रात्र पुरते. आपल्या आजीची साक्ष जपून ठेवण्यास अनेक रविवार लागतात. पण ती साक्ष एकदा नोंदली गेली की तिला उखडून नदीत टाकता येत नाही. येत्या १ जानेवारीला स्तंभाला येथूनच वंदन करताना प्रत्येक घरात अशी निदान एक साक्ष लिहून झालेली असावी, एवढी आमची इच्छा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!